सरळ चढणारं व्होल्टेज

काळा-पांढरा टीव्ही बिघडून पडद्यावर नुसती एक लख्ख आडवी रेघ उरली, की आटपाडीतला मेकॅनिक मागचं झाकण उघडायच्या आधीच सांगून मोकळा व्हायचा, ‘व्हर्टिकल गेलंय.’ इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे पळतोय, पण त्याला वरून खाली उतरवणारं कुणी उरलेलं नाही. 25 जानेवारी 1987 ला ‘रामायण’ सुरू झालं. त्यानंतर रविवारी सकाळी हे व्हर्टिकलचं सर्किट बसलं तर घरात सुतकच.

आपल्या 625 रेघांच्या पद्धतीत झोत सेकंदाला 50 वेळा खाली येतो. एका फेरीला 20 मिलिसेकंद. त्यातले सुमारे 1.6 पडदा काळा ठेवून झोत परत वर न्यायला जातात. उरलेल्या वेळात झोताला खाली उतरवणारं व्होल्टेज एकाच वेगानं चढत राहायचं आणि मग झटक्यात खाली यायचं. आलेख काढला तर करवतीचे दाते दिसतात. या सरळ चढाला रॅम्प म्हणतात.

स्वस्तातला उपाय म्हणजे रेझिस्टरमधून कंडेन्सर भरणे. पण वरच्या हौदातून नळीनं खालचा हौद भरताना पातळ्या जवळ आल्या की धार मंदावते, तसंच इथंही होतं. सप्लाय 12 व्होल्टचा असेल, तर कंडेन्सर 6 व्होल्टवर पोचेपर्यंत प्रवाह निम्मा झालेला असतो. चढ सुरुवातीला ताठ, शेवटी सुस्त. पडद्यावर याचा अर्थ असा की रामाचा मुकुट वीतभर आणि पाय बोटभर.

यावर एक तोडगा म्हणजे कंडेन्सर फक्त दहाव्या हिश्श्यापर्यंतच भरू द्यायचा. मग उतार दहा टक्क्यांनीच ढळतो, पण हाती येणारं व्होल्टेजही चिमूटभर. ते पुढे वाढवावं लागतं. त्यापेक्षा रेझिस्टर काढून तिथं कायम ठरावीक प्रवाह सोडणारा ट्रान्झिस्टर बसवला तर दुखणंच मिटतं. 1 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये 1 मिलिअँपिअर प्रवाह सोडा, व्होल्टेज दर मिलिसेकंदाला बरोबर 1 व्होल्टनं चढेल.

मला सगळ्यात आवडते ती मात्र बूटस्ट्रॅपची युक्ती. कंडेन्सरवरचं व्होल्टेज जेवढं चढेल, तेवढंच रेझिस्टरचं वरचं टोकही उचलायचं. दोन टोकांतला फरक बदलतच नाही, म्हणून प्रवाहही बदलत नाही. उचलायला एक एमिटर फॉलोअर (आलेलं व्होल्टेज जवळपास तसंच पुढे देणारा ट्रान्झिस्टर) आणि एक मोठा कंडेन्सर पुरतो. एवढ्याशा सामानात एवढी सरळ रेघ! याच घराण्यातल्या मिलर इंटिग्रेटरचा रडारसाठी वापर करण्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश अभियंता अॅलन ब्लूमलाइन यांचा मोठा वाटा होता.

टीव्हीत कारखान्यातून आलेली रेघ कायम सरळ राहत नसे. त्यासाठी ‘हाइट’ आणि ‘लिनिअरिटी’ असे दोन प्रीसेट असत. मागून बारीक पेचकस घालून ते फिरवायचे आणि पडद्यावरचं वर्तुळ गोल होतंय का ते आरशात पाहायचं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकले, की प्रीसेट कितीही फिरवा, चित्राचा खालचा भाग दुमडायचाच. आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यात कंडेन्सरनंही सुकावं, हे जरा अतीच झालं! पुढे टीडीए 1170 सारख्या एकाच चिपमध्ये ऑसिलेटर आणि रॅम्प दोन्ही आले, आणि दुरुस्ती म्हणजे चिप बदलणे एवढंच उरलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या सीआरओतही (कॅथोड रे ऑसिलोस्कोप) हाच रॅम्प झोताला आडवा ओढतो. टाइम-बेसची खुंटी फिरवताना आपण आतला रेझिस्टर किंवा कंडेन्सर बदलत असतो.

सपाट पडदे आले आणि घरातल्या टीव्हीतून हे सर्किट गेलं. पण वायरमनच्या खिशातल्या स्वस्त डिजिटल मल्टिमीटरमध्ये ते अजून आहे. त्यातली 7106 जातीची चिप मोजायच्या व्होल्टेजनं ठरावीक वेळ रॅम्प चढवते, मग माहीत असलेल्या व्होल्टेजनं तो उतरवते आणि उतरायला लागलेला वेळ मोजून आकडा दाखवते. चढ-उतार दोन्ही एकाच रेझिस्टर-कंडेन्सरवर होत असल्यानं त्यांच्या किमती थोड्या इकडेतिकडे असल्या तरी चालतं. अचूक लागतं ते फक्त संदर्भ व्होल्टेज.