तगरच्या पांढरीतला खजिना

दुधनीच्या बाजारात तुरीचा भाव फुटतो, पोती हमालांच्या पाठीवरून ट्रकमध्ये चढतात आणि माल परमुलखाला जातो. आडत, वजनकाटा आणि दूरचं गिऱ्हाईक ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे, त्यांनी एकदा तेरला जावं. सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे धाराशिवला एसटी आणि तिथून जवळच तेरणाकाठी संत गोरोबाकाकांचं हे गाव. दुधनीकरांना जवळचं म्हणाल तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार. तेही पाहण्यासारखंच, पण तिथं राजघराण्याची तलवार दिसते. तेरला दिसतो तो बाजार.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ असल्याची नोंद आहे. तिथलं साधं कापड आणि तलम मलमल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचच्या बंदरात जाई. हे तगर म्हणजे कोणतं गाव, यावर विद्वानांचे बरेच वाद झाले. अखेर १९०१मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरच असल्याचं मांडलं. त्याच सुमारास पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी इथल्या त्रिविक्रम मंदिराची पाहणी केली. विटांचं, घोड्याच्या नालेसारख्या कमानीच्या दर्शनी भागाचं हे देऊळ मूळचं बौद्ध चैत्य असावं, असं मानतात.

पण तेरचं भांडार जपलं ते तिथल्याच एका व्यापाऱ्यानं, रामलिंगप्पा लामतुरे यांनी. पांढरीच्या टेकाडांतून मिळालेली नाणी, मणी, मातीच्या मूर्ती त्यांनी जमवल्या. लोक ज्याला खापर म्हणून बांधावर फेकतात, ते उचलून ठेवायला वेगळी नजर लागते. आज त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय गावात उभं आहे.

इथं घाई करू नये. केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती दोन साच्यांत घडवून जोडलेल्या असतात, त्यामुळे आतून पोकळ आणि वजनाला हलक्या. कानातलं, केसांची वळणं, गळ्यातल्या माळा एवढ्याशा मातीत स्पष्ट उमटलेल्या. अकीक आणि काचेचे मणी पाहा. शंखाच्या बांगड्या पाहा. समुद्र इथून कितीतरी दूर, तरी शंख इथं आला, कारण त्याला गिऱ्हाईक होतं. रोमन नाण्यांवरून उठवलेली मातीची पदकंही इथं सापडली. ती गळ्यात घालणाऱ्या बाईनं रोम पाहिलं नव्हतं, पण रोमची फॅशन तिच्यापर्यंत पोचली होती.

सर्वांत नावाजलेली आहे ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिची सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत मिळाली. ते शहर इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथं पोचलेली. पॉम्पेईच्या या मूर्तीच्या डोक्यातून खाली भोक आहे. ती आरशाची मूठ किंवा छोट्या तिवईचा पाय असावी, असे तर्क आहेत. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही याच धाटणीच्या मूर्तीचा भाग मिळाला, म्हणून अशी कारागिरी आपल्याच मुलखातली असावी, असं मानायला जागा आहे.

आता थोडं प्रवेशाच्या पैशांबद्दल. ब्रिटिश म्युझियम १७५९मध्ये खुलं झालं, तेव्हापासूनच तिथं विनामूल्य प्रवेशाचं तत्त्व होतं. जगभरच्या वस्तू जमवणाऱ्या लंडनला हे सुचलं. मग ज्या वस्तू आपल्याच शेतातून निघाल्या, त्या पाहायला आपल्या गावातल्या पोराला कधीही पैसे पडू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. दुधनीच्या शाळांनी सहलीची गाडी एकदा तरी तेरकडे वळवावी आणि मुलांना आधी शंखाच्या बांगडीपाशी उभं करावं.