यंत्राची जाण, कायद्याची जोड

चिखली - पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील अभियंत्यांना कारखान्याखेरीज आणखी एक वाट खुली आहे, ती बौद्धिक संपदा कायद्याची. या क्षेत्राचे महत्त्व २००७ मध्ये येथील वाहन उद्योगाला प्रकर्षाने जाणवले. लहान इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग वापरण्याच्या पेटंटवरून आकुर्डीच्या बजाज ऑटोचा टीव्हीएसशी वाद जुंपला. मद्रास उच्च न्यायालयातून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. असे खटले साधारणतः चार महिन्यांत निकाली काढावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावले. प्रत्यक्षात तडजोड २०१९ मध्ये झाली.

अशा खटल्यात यंत्र आणि कायदा दोन्ही जाणणारा वकील लागतो. विज्ञान वा अभियांत्रिकीच्या पदवीधराला पेटंट एजंटची परीक्षा देता येते. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. उत्तीर्ण होऊन नोंदणी केल्यावर पेटंट कार्यालयात उद्योजकाची बाजू मांडता येते. न्यायालयात उभे राहण्यासाठी मात्र तीन वर्षांची एलएलबी, बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा आवश्यक आहे.

पेटंटचे संरक्षण अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे मिळते. अर्जापूर्वीच नवे तंत्र जाहीर झाल्यास हा हक्क सहसा गमवावा लागतो. त्यामुळे लघुउद्योजकाला वेळीच सावध करणे, हे या वकिलाचे पहिले काम ठरते.