व्हिडिओ कॉलमधली खिडकी कुणाची?

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका ऑनलाइन सुनावणीला सारा सनी या कर्णबधिर वकील हजर होत्या. न्यायालयात चाललेलं बोलणं त्यांच्यापर्यंत सांकेतिक भाषेत पोचवायला सौरव रॉय चौधरी हे दुभाषी तयार होते. पण सुनावणीची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाने दुभाष्याला पडद्यावर स्वतंत्र खिडकी द्यायला आधी नकार दिला. सांकेतिक भाषेचा दुभाषी दिसलाच नाही, तर त्याच्या असण्याला अर्थ काय? अखेर तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी परवानगी दिली आणि दुभाषी पडद्यावर आला. पुढच्या महिन्यात न्यायालयाने स्वतःहून सारा सनी यांच्यासाठी दुभाषी नेमला.

दुभाष्याला खिडकी देण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच होती. अडलं होतं ते माणसांच्या होकारापाशी. करोनानंतर नोकरीची मुलाखत, शाळेची पालकसभा, सोसायटीची वार्षिक सभा, डॉक्टरांचा सल्ला, बँकेचं केवायसी हे सगळं व्हिडिओ कॉलवर आलं. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. त्यांना या कॉलमध्ये नीट भाग घेता येतो की नाही, हे बहुतेक वेळा कॉल चालवणाराच ठरवतो, आणि आपण काही ठरवतो आहोत हे त्याच्या गावीही नसतं. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज: अंध माणसाला व्हिडिओ कॉलचा काय उपयोग?

भरपूर उपयोग आहे, आणि तो दोन तऱ्हांचा आहे.

पहिली तऱ्हा घराघरांत दिसते. औषधाची बाटली हातात आहे, पण खोकल्याचं कुठलं आणि तापाचं कुठलं ते कळत नाही. मग दृष्टिहीन माणूस बहिणीला किंवा मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लावतो, कॅमेरा बाटलीवर धरतो आणि विचारतो, “बघ गं, काय लिहिलंय? तारीख संपली नाही ना?” डेन्मार्कचे हान्स यॉर्गन विबर्ग यांची स्वतःची नजर अधू होती. आपले अंध मित्र अशीच घरच्यांची मदत घेतात, हे ध्यानात आल्यावर त्यांच्या कल्पनेतून २०१५ मध्ये ‘बी माय आइज’ हे अ‍ॅप सुरू झालं. त्यात अंध व्यक्तीचा व्हिडिओ कॉल जगातल्या कुठल्याही डोळस स्वयंसेवकाला जोडला जातो. घरच्यांना सारखा त्रास द्यावा लागत नाही, याचं मोल ज्याला रोज मागावं लागतं त्यालाच कळतं.

दुसरी तऱ्हा सभेची आणि वर्गाची. झूम, मीट, टीम्स या तिन्हींचा वापर माऊसशिवाय, निव्वळ कीबोर्डवर करता येतो. विंडोजवर झूममध्ये ऑल्ट आणि ए दाबलं की माइक बंद-चालू होतो, ऑल्ट आणि वाय दाबलं की हात वर होतो. नेट नसेल आणि आयोजकाने फोनवरून जोडायची सोय ठेवली असेल, तर साध्या फोनवरून स्टार आणि नऊ दाबूनही हात वर करता येतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यातला एनव्हीडीए पूर्णपणे मोफत आहे. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला आणि त्याच्यासोबत येणारा आवाज मराठीही वाचतो.

मग अडतं कुठे? एखादी दृष्टिहीन विद्यार्थिनी ऑनलाइन तासाला बसली आहे असं धरा. कानात बाईंचा आवाज आहे आणि त्याच कानात स्क्रीन रीडरचाही. बाई समीकरण समजावत असताना चॅटमध्ये तीस मुलं एकामागून एक ‘गुड मॉर्निंग मॅम’ लिहितात आणि स्क्रीन रीडर ते तीसच्या तीस वेळा वाचून दाखवतो. तेवढ्यात समीकरण निघून जातं. चॅटच्या सूचना गप्प करता येतात, पण ते सेटिंग आहे हे तिला कुणीतरी सांगायला हवं आणि चॅटमध्ये कामाशिवाय लिहू नका हे वर्गाला.

त्याहून मोठी अडचण ‘स्क्रीन शेअर’ची. पुष्कळांना वाटतं, पडद्यावर मजकूर दिसतोय म्हणजे स्क्रीन रीडर तो वाचणारच. तसं होत नाही. शेअर केलेला पडदा समोरच्याकडे हलत्या चित्राच्या रूपाने पोचतो. त्यातली अक्षरं स्क्रीन रीडरच्या लेखी अक्षरं नसतातच. “हा लाल आकडा बघा, आणि त्याच्या शेजारचा हा” असं म्हटलं की दृष्टिहीन माणूस सभेत असूनही सभेबाहेर जातो. उपाय साधा आहे. स्लाइडची किंवा तक्त्याची फाइल आधी पाठवा आणि बोलताना आकडा तोंडाने उच्चारा. टीम्समध्ये पॉवरपॉइंट त्याच्याच खास सोयीतून दाखवलं, तर स्क्रीन रीडरला मूळ मजकूर वाचता येतो. आपल्याकडे ही सोय वापरणारे विरळाच.

गैरसमज: कॅप्शन सुरू केलं की कर्णबधिरांचा प्रश्न मिटला

कॅप्शन म्हणजे बोलण्याचा पडद्यावर उमटणारा मजकूर. ते हवंच. झूमने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वयंचलित कॅप्शन सगळ्या खात्यांना मोफत दिलं, ते उत्तम झालं. उतारवयात ज्यांना ऐकू कमी आलं, ज्यांचं शिक्षण लिहिण्या-वाचण्यातून झालं, त्यांना याचा मोठा आधार होतो. जे बघूही शकत नाहीत आणि ऐकूही शकत नाहीत, असे लोक कॅप्शनचा मजकूर ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचू शकतात. त्यासाठी कॅप्शन हा खरा मजकूर असावा लागतो, चित्रात भाजलेली अक्षरं चालत नाहीत.

पण जन्मापासून ज्यांना ऐकू येत नाही, त्यांतल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. चेहऱ्याचे भाव, भुवया, खांद्यांचा कल हा त्या व्याकरणाचाच भाग आहे. ती मराठीचं किंवा हिंदीचं हातांनी केलेलं भाषांतर मुळीच नाही. अशा व्यक्तीसाठी लिखित मराठी ही मागाहून शिकलेली दुसरी भाषा. धावत्या ओळी वाचत वादविवादात भाग घ्यायचा म्हणजे काय ताण पडत असेल, याचा विचार करा.

शिवाय कॅप्शन चुकतं. कॅप्शनची भाषा इंग्रजीवर ठेवून सभा मराठीत चालली, तर पडद्यावर इंग्रजी शब्दांचा अर्थहीन कचरा पडत राहतो. भाषा मराठीवर लावली तरी ‘डेडलाइन एक्स्टेंड केली नाहीये’ यासारख्या आपल्या रोजच्या मिश्र वाक्यांत यंत्र अडखळतं. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि तिथेच बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो. तेवढा एक ‘नाही’ गळला की निरोप उलटा होतो. माणसांची नावं, औषधांची मात्रा, पैशांचे आकडे यांबाबत तर कॅप्शनवर विसंबूच नये, ते चॅटमध्ये लिहावेत. डॉक्टरांनी हे कटाक्षाने करावं.

सांकेतिक भाषेतलं संभाषण व्हिडिओवर चालायचं, तर चित्र सलग हलायला हवं. युरोपातल्या डिजिटल सुगमतेच्या मानकात, व्हिडिओ संवादाला सेकंदाला किमान २० चित्रं मिळावीत आणि शक्यतो ३०, अशी अट आहे. नेट मंदावलं की सॉफ्टवेअर आवाज वाचवतं आणि चित्राचा बळी देतं. ऐकणाऱ्यांसाठी ते योग्यच, पण सांकेतिक भाषेत बोलणाऱ्याची वाक्यं त्यामुळे मधूनच तुटतात. मागे खोटी पार्श्वभूमी लावली असेल तर अजून पंचाईत. कडा कापण्याच्या नादात सॉफ्टवेअर बोटांची टोकं गिळतं आणि हात वेगाने फिरला की तो क्षणभर गायबच होतो. साधी भिंत, समोरून उजेड आणि कमरेपासून डोक्यापर्यंत दिसेल एवढं अंतर, यात भागतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. बहुतेक सॉफ्टवेअर आवाजावरून बोलणारा कोण ते ठरवतं आणि त्याची खिडकी मोठी करतं. सांकेतिक भाषेला आवाज नसतो. कर्णबधिर सभासद पोटतिडकीने मुद्दा मांडत असतो आणि पडद्यावर मोठा दिसतो तो खोकणारा दुसराच कुणीतरी. हे टाळायला सभा चालवणाऱ्या यजमानाने बोलणाऱ्याला ‘स्पॉटलाइट’ करावं लागतं, म्हणजे तो सगळ्यांच्या पडद्यावर मोठा दिसतो. ‘पिन’ केलेली खिडकी फक्त पिन करणाऱ्यापुरती मोठी होते. २०२२ मध्ये झूम आणि टीम्स या दोघांनीही सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासाठी खास सोय आणली. पण झूममध्ये दुभाषी कोण, हे सभेच्या यजमानालाच आधी नेमून द्यावं लागतं. आणि सभा तासाभराची असेल तर दुभाषी दोन हवेत. साधारण वीस ते तीस मिनिटांनी ते आळीपाळीने काम करतात, कारण त्यापुढे हात आणि मेंदू दोन्ही थकतात.

गैरसमज: कंपनीने सोयी दिल्यात, आमचं काम संपलं

सोयींची कुलपं यजमानाकडे असतात. शिस्तीच्या नावाखाली चॅट बंद ठेवलं, की ज्याची वाचा अस्पष्ट आहे किंवा जो अडखळत बोलतो, त्याचा एकमेव सोपा मार्ग बंद होतो. कॅप्शन खात्याच्या पातळीवर बंद असेल, तर सभासदाला ते चालू करता येत नाही. झूममध्ये एकाहून अधिक खिडक्या पिन करायच्या असतील, तर तीही परवानगी यजमानच देतो. सेरेब्रल पाल्सी असलेला उमेदवार एका बटणाच्या साह्याने कॉम्प्युटर चालवत असेल, तर ‘अनम्यूट’पर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. “हॅलो, ऐकू येतंय का? बरं, पुढचा प्रश्न” असं म्हणत मुलाखत घेणारे पुढे जातात तेव्हा त्याचं उत्तर तयार असतं, फक्त माइक उघडत असतो. अशा वेळी थांबणं एवढंच करायचं असतं, आणि तेच होत नाही.

गैरसमज: कॅमेऱ्याकडे बघा, डोळे मिचकवा, एवढं तर कुणालाही जमतं

अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून २०२३ मध्ये बँकेत खातं उघडायला गेल्या. समोरचा माणूस जिवंत आणि खरा आहे याची खात्री म्हणून त्यांना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगितलं गेलं. हल्ल्यात डोळ्यांना झालेल्या इजेमुळे त्यांना ते शक्यच नव्हतं. समोर धडधडीत उभी असलेली बाई यंत्राच्या हिशेबी पुरेशी जिवंत नव्हती. दृष्टिहीनांची अडचणही याच जातीची आहे. चेहरा चौकटीत आणा, ओळखपत्र वर्तुळात धरा, असं पडदा सांगतो, पण चौकट कुठे आहे ते सांगत नाही.

प्रज्ञा प्रसून यांची आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एकत्र ऐकली आणि ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने ठरवलं आणि केवायसीची प्रक्रिया सुगम करण्यासाठी २० निर्देश दिले. माझ्या मते डिजिटल भारताच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतला हा फार मोलाचा निकाल आहे, आणि मराठी वर्तमानपत्रांत त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

कॅमेऱ्याबद्दलच आणखी एक. सभेत सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवलाच पाहिजे, असा नियम अनेक ठिकाणी असतो. ओठांच्या हालचाली वाचणाऱ्याला बोलणाऱ्याचा चेहरा दिसायलाच हवा. पण स्वमग्न माणसाला पंचवीस चेहऱ्यांचं जाळं असह्य होऊ शकतं, आणि पडून राहावं लागणाऱ्या रुग्णाला तसं दिसायचं नसतं. म्हणजे दोन दिव्यांगांच्या गरजा कधी परस्परविरोधीही असतात. बोलताना कॅमेरा चालू, ऐकताना ज्याचं त्याने ठरवावं, एवढ्यावर बहुतेक वेळा निभावतं.

गैरसमज: दिव्यांगांसाठीचा कायदा सरकारी कचेऱ्यांपुरता आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, सुगमतेचे नियम त्याला पाळावे लागतात. माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याच्या याचिकेवर नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून भागणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. ती याचिका २००५ सालची होती.

गैरसमज: कुणी मागितलं तर बघू

मागण्यासाठी आधी सभेत शिरता यावं लागतं. आणि आपली गरज शंभर लोकांसमोर, सभा सुरू झाल्यावर सांगणं कुणालाच सोपं नसतं. म्हणून सूचनापत्रातच लिहा: ‘सभेत भाग घेण्यासाठी कॅप्शन, सांकेतिक भाषेचा दुभाषी, आधी पाठवलेली फाइल किंवा इतर काही सोय हवी असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवा.’ खाली फोन नंबरही द्या आणि ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपही द्या, कारण एकाला फोन जमत नाही आणि दुसऱ्याला टाइप करणं. तारीख किमान आठवडाभर आधीची ठेवा, कारण चांगला दुभाषी आदल्या दिवशी मिळत नाही.