वाढवता येणाऱ्या लूपची पंचवीस वर्षं

प्रोसेसरवरून बंद फेऱ्यात, म्हणजे लूपमध्ये, पाणी फिरवून त्याची उष्णता काढून घ्यायची, हे काही हौशी लोकांचं संशोधन नाही. आयबीएमचे मोठे संगणक १९६०च्या दशकातच पाण्यावर थंड ठेवले जात होते. हौशी मंडळींनी ती सोय घरच्या टेबलाखाली आणली. १९९८मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याच्या बसचा, म्हणजे मदरबोर्डशी जोडणाऱ्या दुव्याचा, वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेवर पळायचा. फुकटात मिळालेल्या वेगाची चटक लागली आणि पाठोपाठ उष्णतेचा प्रश्न उभा राहिला. एएमडीचा अ‍ॅथलॉन थंडरबर्ड १.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला तेव्हा तो ७२ वॉटच्या घरात गेला होता. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण तेव्हाचे छोटे पंखे त्यापायी कर्कश ओरडायचे.

त्या काळी किट नावाची वस्तू जवळपास नव्हतीच. अमेरिकेतले हौशी लोक भंगारातल्या गाडीचा हीटर कोअर, म्हणजे छोटा रेडिएटर, काढून आणत. १९७७च्या पाँटिअ‍ॅक बॉनव्हिलचा कोअर तर या मंडळींत नावाजलेला होता. पंप मत्स्यालयाचा, बहुधा जर्मन एहाइमचा, आणि प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक म्हणजे घरी ड्रिल मारलेला तांब्याचा ठोकळा. पंप भिंतीतल्या प्लगवर चालायचा. तो सुरू करायला विसरून संगणक चालू केला तर काही क्षणांत प्रोसेसरच्या जिवावर बेतायचं. तरीही त्या जुगाडात एक गुण होता, जो पुढच्या कित्येक चकचकीत खोक्यांत उरला नाही. त्यातला कुठलाही भाग काढून दुसरा लावता यायचा. तांबं, पितळ, रबरी नळी आणि क्लॅम्प, बस्स.

मग कंपन्या आल्या. कूलान्स, स्विफ्टेक, थर्मलटेक यांनी सगळं एका खोक्यात द्यायला सुरुवात केली. झालमनचा रिझरेटर तर पंखाच नसलेला, अ‍ॅल्युमिनियमचा उंच मनोरा होता. टेबलाशेजारी उभा करायचा आणि शांतपणे काम करायचं. सोय वाढली, पण धातूंच्या सरमिसळीचा घोळ याच काळात सुरू झाला. या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला तोच वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले की त्यांची बॅटरी तयार होते. दोघांतलं अ‍ॅल्युमिनियम झिजतं. आधी त्यावर बारीक खड्डे पडतात, पाणी गढूळ होतं, मग पांढरट गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत जाऊन बसतो आणि तापमान चढू लागतं. गंजरोधक कूलंटने हे लांबवता येतं, थांबवता येत नाही. खोक्यातलं किट आहे तसं वापरलं, ठरलेला कूलंट वेळेवर बदलला, तर काही वर्षं निभावतं. पण ज्या दिवशी त्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरला ग्राफिक्स कार्डाचा तांब्याचा ब्लॉक जोडाल, त्या दिवसापासून झीज वेग धरते. ‘एक्स्पांडेबल’, म्हणजे वाढवता येणारं, हा शब्द छापणाऱ्यांनी हे खोक्यावर ठळक अक्षरात क्वचितच लिहिलं.

याच सुमारास एक चांगली गोष्टही घडली. गरम पाणी फिरवण्याचे पंप बनवणाऱ्या लाइंग या जर्मन कंपनीचे दोन छोटे पंप, डी५ आणि डीडीसी, पीसीच्या जगात शिरले. दोन्ही १२ व्होल्टवर, म्हणजे संगणकाच्याच पॉवर सप्लायवर चालणारे. डी५ उघडून पाहावा असा आहे. त्याच्या रोटरला दांडाच नाही. वाटीसारखा रोटर एका सिरॅमिकच्या गोळीवर टेकून चुंबकाच्या जोरावर फिरतो आणि बोटाने अलगद उचलून बाहेर काढता येतो. साफ करायचा, परत ठेवायचा. कागदावर त्याची क्षमता ताशी १५०० लिटर. मालक बदलले, नावं बदलली, पण हे पंप आजही किटांत मिळतात. दुसरीकडे जी१/४ या मापाच्या आट्यांवर हळूहळू सगळ्यांचं एकमत झालं. कोणाचाही ब्लॉक, कोणाचाही रेडिएटर, कोणतंही फिटिंग, सगळं एकमेकांत बसू लागलं.

२०१०च्या आसपासची एक्सएसपीसीची रासा आणि नंतरची रेस्टॉर्म ही किटं मला या काळातली सर्वांत प्रामाणिक वाटतात. पितळेच्या नळ्या आणि तांब्याच्या पातळ पत्र्यांचा रेडिएटर, तांब्याचा ब्लॉक आणि सीडी ड्राइव्हच्या जागेत बसणारी पंपासकट टाकी. त्यातला ७५० पंप आवाजी होता, दुसरा ब्लॉक जोडला की धापा टाकायचा. पण तो बदलून डी५ बसवला की बाकी सगळं तसंच वापरता यायचं. याला मी वाढणारं किट म्हणतो.

बाजार मात्र दुसरीकडे वळला होता. २००९मध्ये कॉर्सेअरचा एच५० हा कूलर आला, डेन्मार्कच्या अ‍ॅसेटेकने बनवलेला. भरलेला, सीलबंद, चार स्क्रूंत बसणारा. पाण्याची भीती गेली आणि हजारो लोकांनी तो घेतला. त्यात चूक काहीच नव्हतं. पण पंप, पाण्याची जागा आणि थंड तळ हे सगळं प्रोसेसरवरच्या एकाच डब्यात बसवण्याच्या रचनेवर अ‍ॅसेटेककडे पेटंट होतं. स्विफ्टेकने २०१३मध्ये एच२२० आणला. तो एच५०सारखाच तयार, शिवाय तांब्याचा रेडिएटर, नळ्या सोडवता येतात, पाणी भरता येतं, पुढे ग्राफिक्स कार्डही जोडता येतं. लोकांना हवं होतं ते नेमकं हेच. पेटंटच्या वादामुळे त्याच वर्षी तो अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावा लागला. याच पेटंटवरून कूलर मास्टर या दुसऱ्या कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात २०१४च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने अ‍ॅसेटेकच्या बाजूने कौल दिला. स्विफ्टेकने पंप प्रोसेसरवरून उचलून रेडिएटरवर नेला आणि एच२२०-एक्स काढला. एका पेटंटने संपूर्ण वस्तूचा आकार बदलल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

पुढची पाच वर्षं प्रयोगांची होती. स्लोव्हेनियाच्या ईकेने २०१५मध्ये प्रेडेटर आणला. नळी मध्येच चटकन सोडवून नवा ब्लॉक जोडायचा, पाणी सांडायचं नाही. कल्पना उत्तम, पण ओ-रिंगपाशी गळती होऊ लागल्याने २०१६मध्ये माल परत मागवावा लागला. जर्मनीच्या अल्फाकूलने त्याच वर्षी आइसबेअर काढला. तांब्याचा रेडिएटर, जी१/४चे आटे, नळीत सुटणारा जोड. दिसायला साधा आणि आतून नेमका. मग २०१७मध्ये ईकेनेच स्वस्तातली फ्लुइड गेमिंग मालिका आणली, ब्लॉक आणि रेडिएटर दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. त्यात दोन धातूंच्या झिजेचा धोका नाही, हे खरं. पण तुम्ही एका कंपनीच्या अंगणात कोंडले जाता. ती मालिका बंद झाली की वाढही बंद. २०२४मध्ये त्याच कंपनीकडे पुरवठादारांचे आणि कर्मचाऱ्यांचे पैसे थकल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा तांबं आणि जी१/४ घेतलेल्यांना फारशी चिंता नव्हती. त्यांच्या लूपला कोणाचाही भाग चालतो.

या काळात उष्णतेचं घर बदललं. सुरुवातीला लूप प्रोसेसरसाठी असायचा. एनव्हिडियाचं जीटीएक्स ४८० हे ग्राफिक्स कार्ड २०१०मध्ये २५० वॉटचं होतं तेव्हा लोक हबकले. आरटीएक्स ३०९० ३५० वॉटचं, ४०९० ४५०चं आणि २०२५मधलं ५०९० तर ५७५ वॉटचं. म्हणून वाढवण्याची सोय ही चैन राहिली नाही. आज प्रोसेसरसाठी घेतलेल्या किटावर दोन वर्षांनी कार्ड येणार, हे धरूनच चालावं.

पाण्याबद्दलचे गैरसमज मात्र अजून टिकून आहेत. मिनिटाला एक लिटर पाणी वाहिलं तर सुमारे ७० वॉट उष्णतेने ते एका अंशाने तापतं. चार लिटर वाहत असेल तर ५०० वॉटलाही फरक दोन अंशांच्या आतच. त्यामुळे आधी कार्ड की आधी प्रोसेसर, हा वाद निरर्थक आहे. नळी जिकडून सुटसुटीत जाईल तिकडून न्यावी. खरी मर्यादा खोलीची हवा घालते. पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, भाराखाली ते सहज दहा अंश वर राहतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत पाणी ४८वर जाणार. बहुतेक पंपांची मर्यादा ६०च्या आसपास असते आणि पीईटीजीची कडक नळीही त्याच सुमारास मऊ पडू लागते. युरोपातल्या चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीतल्या असतात. आपल्याकडे त्यांच्या हिशेबापेक्षा एक १२० मिलिमीटरचा पंखा मावेल एवढा रेडिएटर जास्त घ्यावा, आणि धूळ पाहता फार दाट पत्र्यांचा टाळावा.

१२ व्होल्टचे पंप आल्यापासून पहिल्यांदा लूप भरण्याची पद्धत फारशी बदललेली नाही. पंपाचा सोडून पॉवर सप्लायचे सगळे कनेक्टर काढायचे, मदरबोर्डच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला छोट्या वायरने जोडायची, म्हणजे फक्त पंप चालतो. प्रत्येक फिटिंगखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवायचा. डिस्टिल्ड पाणी थोडं थोडं ओतायचं, टाकी रिकामी व्हायच्या आत पंप थांबवायचा, कॅबिनेट पुढे-मागे कलंडवायचं. रेडिएटरमधून हवा गुळगुळ करत निघते, टाकीत फेस येतो, मग पाणी हळूहळू नितळ होतं. रात्रभर पंप चालू ठेवायचा. सकाळी टिश्यू कोरडे असतील तरच बाकीच्या भागांना वीज द्यायची. बोअरचं पाणी कधीही नको. त्यातला क्षार त्या बारीक खाचांत जाऊन बसतो. नळीतही कंजुषी नको. स्वस्त पारदर्शक पीव्हीसीतून प्लॅस्टिसायझर सुटतो आणि वर्षभरात ब्लॉकवर चिकट थर चढतो. काळी ईपीडीएम रबराची नळी दिसायला साधी, पण वर्षानुवर्षं तशीच राहते.

आज किट निवडायचं तर माझी पसंती अशी: तांब्या-पितळेचा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, वेगळा काढता येणारा डी५ किंवा डीडीसी, सगळीकडे जी१/४. रंगीत दिवे आणि पारदर्शक रंगीत द्रव यांवर एक रुपयाही खर्चू नये. तो पैसा दुसऱ्या रेडिएटरला लावावा. पैसे मोजण्याआधी दुकानदाराकडून किंवा कंपनीकडून रेडिएटर आणि ब्लॉक कोणत्या धातूचे आहेत हे लेखी मागा. उत्तर मिळालं नाही, तर ते किट घेऊ नका.