ट्रॉली, गर्दी आणि गंगेचं वाळवंट

मागच्या भागात आपण वारीतल्या तंबूंबद्दल बोललो. आज तसाच एक मुक्काम, पण उत्तरेतला.

गाझियाबादहून साधारण 70 किलोमीटरवर गढमुक्तेश्वर आहे. 2011 मध्ये हापुड जिल्हा वेगळा झाला, तोवर ते गाझियाबाद जिल्ह्यातच होतं. कार्तिकी पौर्णिमेला तिथे गंगेच्या वाळवंटात मोठी जत्रा भरते. पश्चिम उत्तर प्रदेशातली आणि दिल्लीकडची कुटुंबं तंबू ठोकून काही दिवस तिथेच राहतात. चतुर्दशीच्या संध्याकाळी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने गंगेत दिवे सोडतात. आपण कार्तिकीला पंढरपुरात असतो, तेव्हा हे लोक गढला.

येताना म्हशींच्या बुग्ग्या असतात, आणि त्याहून जास्त ट्रॅक्टर-ट्रॉल्या. गाद्या, शेगडी, पीठ, चारा, सगळं ट्रॉलीत. प्रश्न असा, की एवढं लांबलचक धूड गाझियाबादच्या गर्दीतून न्यायचं कसं?

आधी रस्ता. दिल्ली-मेरठ एक्सप्रेसवेच्या मधल्या मार्गिकांवर ट्रॅक्टरला बंदी आहे. त्यामुळे ट्रॉली कडेच्या मार्गिकांवरून, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 9 वरून जाते. लाल कुआँ, डासना, पिलखुवा, हापुड, सिंभावली, मग ब्रजघाट. कडेच्या रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या, उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले, सगळेच. सिंभावलीला साखर कारखाना आहे आणि हंगाम नेमका याच सुमारास सुरू होतो. कोल्हापूर-साताऱ्याच्या मंडळींना उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकणं म्हणजे काय, हे सांगायला नको!

आता वळण. ट्रॅक्टर जिथून वळतो तिथून ट्रॉली वळत नाही. तिची चाकं कोपरा आतून कापतात. डावीकडे वळताना ट्रॅक्टर सुखरूप निघतो आणि ट्रॉलीचं चाक फुटपाथवर चढतं, किंवा आत घुसलेला स्कूटरवाला सापडतो. म्हणून थोडं पुढे जाऊन मगच वळायचं आणि आतल्या बाजूला आधी बघायचं. शक्य तोवर रिव्हर्स घ्यायची वेळच येऊ द्यायची नाही. मागे घेताना ट्रॉली स्टिअरिंगच्या उलट्या दिशेला जाते, आणि गर्दीत तेवढी जागा कोण देणार?

दुसरी गोष्ट ब्रेक. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या मागच्या चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. शेतात जागेवर वळायला ते उपयोगी. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल पट्टीने जोडलेच पाहिजेत, नाहीतर घाईत एकच दाबला जातो आणि ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे ट्रॅक्टर थांबला तरी मागचं वजन ढकलतच राहतं. उड्डाणपुलावरून उतरताना हे फार जाणवतं. तिथे क्लच दाबून गाडी सोडायची नाही. चढाला जो गिअर लागतो तोच उताराला ठेवायचा.

तिसरं, सामान लावणं. बैलगाडी हाकलेल्या आजोबांना विचारा. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते. दोन चाकी ट्रॉलीचंही तसंच. मागे जड झाली की दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात आणि पकड सुटते. जड सामान तळाशी, चाकांच्या किंचित पुढे. हुकाची पिन आणि तिची क्लिप निघताना बघायची, वाटेत थांबलात की पुन्हा बघायची. कार्तिकात इकडे धुरकं असतं, म्हणून मागे लाल रिफ्लेक्टर हवेतच.

वाळवंटात उतरल्यावर चाक रुतलं तर जोरात रेस करू नका, ते आणखी खाली जातं. सामान उतरवा, मग हळू ओढा. आणि साखळी ट्रॅक्टरला उंचावर कधीच बांधू नका. पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालकावरच उलटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रॉली सामानासाठी आहे, माणसांसाठी नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली. पंचवीसहून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. फेब्रुवारी 2024 मध्ये कासगंजला माघ पौर्णिमेच्या गंगास्नानाला निघालेल्यांचं तेच झालं. वीसहून अधिक गेले. उलटलेली ट्रॉली वरून झाकणासारखी बसते. शिवाय पोती जागेवर राहतात, माणसं वळणावर एका बाजूला झुकतात. वजन उंचावर आणि तेही हलतं. उलटायला आणखी काय लागतं?

आपल्या दिंड्यांची पद्धत इथे आठवते. तंबू, भांडी, शिधा घेऊन ट्रक पुढे मुक्कामाला जातो, वारकरी पायी मागून येतात. सामान वेगळं, माणसं वेगळी. गढलाही हे जमतं. ट्रॉली एका चालकाबरोबर पहाटे, रस्ता मोकळा असताना पाठवा. घरचे बसने किंवा रेल्वेने या, गढमुक्तेश्वरला स्टेशन आहे. भाड्याचे चार पैसे जास्त जातील.

दिवे गेलेल्यांच्या नावाने सोडायचे असतात, मंडळी. त्या यादीत वाटेतच नवी नावं पडायला नकोत. भेटू पुढच्या भागात.