जोडीची लेन्स निवडताना

देहूच्या जुन्या गावठाणातल्या एखाद्या बोळात भिंतीला पाठ टेकवून उभे राहा. समोरच्या उंबऱ्यावर एक आजी तांदूळ निवडत बसल्या आहेत. मधलं अंतर धरू आठ फूट. मागे सरकायला जागा नाही, कारण मागे भिंत आहे. पुढे सरकलात तर आजी हातातलं सूप बाजूला ठेवून नीट पदर घेऊन बसणार आणि फोटो संपला. फिक्स लेन्स कोणती घ्यायची याचा निर्णय अशा जागी होतो. दुकानाच्या काउंटरवर सगळ्याच लेन्स चांगल्या वाटतात.

चाकण-तळवडे पट्ट्यात नोकरी लागली, पहिला बोनस हातात आला की घरात कॅमेरा येतो. त्यासोबत १८-५५ मिमीची किट लेन्स येते. वर्षभरात हात बसतो आणि मग कुणीतरी सांगतं, ‘फिक्स घे, मजा येईल.’ फिक्स किंवा प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. तिचा फायदा दुहेरी. अपर्चर जास्त उघडतं म्हणून उजेड जास्त आत येतो आणि लेन्स हलकी, आटोपशीर राहते. तोटाही उघड आहे: चौकट लहान-मोठी करायची तर पायांनी करावी लागते. म्हणून एकीवर भागत नाही, आणि तीन घेतल्या तर पिशवीत पुन्हा झूमइतकंच ओझं होतं. रोजच्या कामाला दोन पुरतात, पण त्या दोघींनी एकमेकींचं काम करता कामा नये.

आता थोडं गणित. ते एकदा समजलं की लेन्सवरचे आकडे जागेच्या भाषेत वाचता येतात. आपल्याकडे बहुतेकांजवळ असतो तो क्रॉप सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी कॅमेरा. निकॉन, सोनी, फुजी यांच्या अशा कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो, कॅननचा २२.३ मिमी. चौकटीत किती रुंदी मावेल हे काढायचं तर वस्तूपर्यंतच्या अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणायचं आणि फोकल लेंथने भागायचं. २४ मिमी लेन्सला हा हिशेब फार सोपा होतो, कारण २३.५ आणि २४ जवळजवळ सारखेच. जितक्या लांब उभे राहाल, साधारण तितकी रुंदी मावते. ३५ मिमीला त्याच्या दोन-तृतीयांश. ५० मिमीला निम्म्याहून किंचित कमी.

आता बोळात परत या. आठ फुटांवरून २४ मिमी लावली तर आठ फूट रुंदी मिळते: आजी, उंबरा, दाराची चौकट, शेजारचं तुळशीवृंदावन, सगळं. ५० मिमी लावली तर चार फूटही नाही. कॅमेरा उभा धरला तरी समोर उभ्या माणसाचा फोटो मांड्यांपासून वरचाच येतो. सहा फुटी माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत घ्यायचा तर ५० मिमीला तेरा-चौदा फूट मागे जावं लागेल आणि बोळ तेवढा रुंद नाही. ‘पहिली लेन्स ५० एफ १.८ घे’ हा सल्ला गावभर चालतो, कारण ती सगळ्यांत स्वस्त असते. सल्ला वाईट नाही, पण तो जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या काळातला आहे. १९२५ साली लायकाचा पहिला कॅमेरा बाजारात आला तो ५० मिमी लेन्स घेऊनच, आणि पुढे ३५ मिमी फिल्मचे कॅमेरे वर्षानुवर्षं ५० लावूनच विकले गेले. त्या फिल्मवरची चौकट ३६ मिमी रुंद होती. आजचा फुल फ्रेम सेन्सर तेवढाच. त्याच्यावर ५० मिमी मोकळी वाटते. क्रॉप सेन्सरवर तीच ५० जुन्या ७५-८० मिमीसारखी वागते, म्हणजे चेहऱ्यांची लेन्स होते. (फुल फ्रेमवाल्यांनी हा सगळा लेख २४ च्या जागी ३५ आणि ५० च्या जागी ८५ असं समजून वाचावा, थोडा फरक राहतो, पण हिशेब जुळतो.)

म्हणून माझा कौल २४ आणि ५० या जोडीला. एक दुसरीच्या दुप्पट. २४ आणि ३५ अशी जोडी घेतलीत तर दोन पावलं पुढे-मागे होऊन जे साधतं त्यासाठी दुसऱ्या लेन्सचे पैसे मोजल्यासारखं होतं. २४ आणि ८५ घेतली तर मधे मोठं भगदाड पडतं. शिवाय ८५ च्या साध्या लेन्स पाऊण-एक मीटरच्या आत फोकसच करत नाहीत. दुपटीच्या आसपासचं अंतर ठेवलं की लेन्स बदलताना मनात घोळ होत नाही: जागा दाखवायची तर एक, माणूस दाखवायचा तर दुसरी.

माझ्या कौलावर लगेच पैसे घालू नका. तुमच्याकडची किट लेन्सच याची चाचणी देते. तिच्या रिंगवर २४ चा आकडा असतो. रिंग तिथे लावा, वर चिकटपट्टी मारा आणि आठवडाभर तशीच वापरा. पुढचा आठवडा ५० च्या आसपास. कुठे हात आखडतो, कुठे मोकळा होतो, ते कळून येईल. दुसरा पुरावा तुमच्या जुन्या फोटोंत आहे. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ नोंदलेली असते, संगणकावर ती सहज दिसते. पण ती वाचताना एक खबरदारी घ्या. बहुतेकांचे निम्मे फोटो १८ वर आणि बाकीचे ५५ वर निघतात. त्याचा अर्थ तुम्हाला नेमके तेच दोन आकडे आवडतात असा नाही. रिंग तिथे अडते म्हणून माणूस तिथे थांबतो. मधल्या आकड्यांवर काढलेले फोटो जास्त खरं बोलतात. आणि १८ मिमी फार लागते असं वाटत असेल तर खिशातला मोबाइल आठवा. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबाने २४ ते २६ मिमीच्या जवळ असतो, म्हणजे किट लेन्सच्या १६-१७ मिमीइतका रुंद. अगदी रुंद दृश्याची सोय आधीच झालेली आहे.

उजेडाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा, कारण फिक्स लेन्सचे अर्धे पैसे त्याचेच असतात. पहाटेच्या काकड्याला मंडपात बसलेल्या एखाद्या वृद्ध वारकऱ्याचा चेहरा घ्यायचा आहे असं धरा. किट लेन्स ५५ च्या टोकाला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. आयएसओ १६०० ठेवून तुम्हाला शटर मिळालं समजा १/१५. टाळ धरलेला हात तर सोडाच, भजनात डोलणारी मान त्यात हलून जाईल. ५० मिमी एफ २ वर उघडली की आठपट उजेड आत येतो आणि तेच शटर १/१२५ होतं. चेहरा थांबतो. टाळाची कड अजूनही थोडी हललेली येईल, ती येऊ द्यावी. टाळ वाजतोय हे कळायला नको का? मंडपात एलईडी किंवा ट्यूबलाइट असतील तर वेगळीच गंमत होते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर फार वेगात नेलं तर फोटोत आडवे काळपट पट्टे उमटतात. तिथे १/१०० किंवा १/५० वर आलं की बहुतेक वेळा पट्टे जातात.

इथे किट लेन्सचीही बाजू घ्यायला हवी. तिच्यात हात स्थिर करणारी यंत्रणा असते, स्वस्त फिक्स लेन्समध्ये बहुधा नसते. अंधारात दगडी खांब, समई, कोरीव कमान असं न हलणारं काही टिपायचं असेल तर किट लेन्स १/१० वर निभावून नेते. फिक्स लेन्स हलणाऱ्या माणसांसाठी घ्यायची. आणि मूर्तीसमोर फोटो काढू नये अशी पाटी असेल तर कुठलीच लेन्स काढू नये, हे वेगळं सांगायला नको.

उघडं अपर्चर सगळीकडे चालत नाही. तुकाराम बीज घ्या. फाल्गुन वद्य द्वितीया, भर दुपारी बारा वाजता वैकुंठगमन मंदिरापाशी नांदुरकीच्या झाडाखाली गर्दी दाटलेली असते. डोक्यावर सूर्य. अशा उन्हात आयएसओ १०० ठेवूनही एफ १.८ ला साधारण १/८००० शटर लागतं, आणि साध्या कॅमेऱ्यांची धाव १/४००० पर्यंतच. फोटो पांढरा फटक येणार. त्या वेळी एफ ८ वर या. मग महाग आणि स्वस्त लेन्स ओळखू येत नाहीत. उलट २४ मिमीचा एक जुना उपयोग साधता येतो: एफ ८ ठेवून साडेतीन मीटरवरच्या कशावर तरी फोकस करा आणि ऑटोफोकस बंद करा. साधारण सहा फुटांपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फुलं उधळली जातात त्या क्षणी कॅमेरा फोकस शोधत बसत नाही.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचं प्रस्थान होतं तेव्हा नेमकं उलट. आभाळ भरून आलेलं, उजेड मऊ, आणि दिंडीत शिरलात तर माणसामाणसांत चार-पाच फुटांचंही अंतर नसतं. दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, मधे विणेकरी, मृदंगवाले. तिथे २४ मिमी लावूनच शिरावं. विणेकऱ्यापासून पाच फुटांवर असाल तर पाच फूट रुंदीत तो, वीणा आणि मागची पताका मावते. पण चेहरा चौकटभर करायला २४ घेऊन दीड फुटावर जाऊ नका. नाक मोठं, कान मागे गेलेले असं रूप येतं. हा दोष लेन्सचा नसतो, तुम्ही फार जवळ गेलात त्याचा असतो. ५० मिमी तुम्हाला दुप्पट लांब उभं करते म्हणून चेहरा ओळखीचा दिसतो. त्या माणसालाही मोकळं वाटतं, हेही खरं.

५० मिमी एफ १.८ वर एक घात होतो. दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केलात तर स्पष्ट भागाची खोली जेमतेम अर्धी वीत असते, अकरा-बारा सेंटिमीटर. खांद्याला खांदा लावून, पण किंचित मागे-पुढे उभ्या दोन टाळकऱ्यांपैकी एकच स्पष्ट येणार. एफ ४ वर तीच खोली वीतभर होते. मागचं सगळं धुसर करायची हौस नव्या लेन्सबरोबर येतेच आणि काही महिन्यांनी ओसरते. कुणाच्या मागे देऊळ आहे की मॉल हे फोटोत कळावं असं पुढे वाटू लागतं. ५० ची दुसरी बाजू मात्र लोक विसरतात. कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, आणि तेव्हा चौकटीत दहा-अकरा सेंटिमीटर रुंदीच मावते. कपाळावरचा गंध आणि बुक्का, तुळशीच्या माळेचे चार मणी, टाळाच्या दोरीने पडलेला बोटावरचा वळ, असं काही त्यात भरून येतं.

लेन्स बदलायची जागा आधीच ठरवा. बुक्का उधळला जात असताना, पावसाच्या सरीत, इंद्रायणीच्या घाटावर वाऱ्यात, बॉडी उघडी करू नका. आडोसा बघा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा. खरं तर दिवसाचे भागच पाडावेत: प्रस्थानाला २४, रात्री इनामदार वाड्यातल्या मुक्कामाला ५०.

आता कोणाकडे कोणती. कॅननच्या डीएसएलआरवाल्यांचं नशीब चांगलं. २४ मिमी एफ २.८ एसटीएम ही चपटी लेन्स फक्त १२५ ग्रॅमची आणि ५० एफ १.८ एसटीएम १६० ग्रॅमची. दोन्ही मिळून तीनशे ग्रॅम होत नाहीत. एफ २.८ म्हणजे उजेड थोडा कमी, पण रुंद लेन्सला कमी शटरही चालून जातं. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरसाठी क्रॉपची अशी स्वस्त २४ नाही. तिथे ३५ मिमी एफ १.८ जी डीएक्स घ्यावी, २०० ग्रॅमची, फार गुणी लेन्स. आणि रुंदीसाठी किट लेन्स ठेवून द्यावी. ३५ सोबत दुसरी घ्यायची झाली तर ८५. निकॉनची जुनी ५० एफ १.८ डी स्वस्तात मिळते, पण डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यावर ती हातानेच फिरवावी लागते. विकणारा हे सांगेलच असं नाही. निकॉनच्या क्रॉप मिररलेससाठी २०२३ मध्ये २४ मिमी एफ १.७ आली, ती थेट घ्या. फुजीत २३ आणि ५०, दोन्ही एफ २.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून आतून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या. अपर्चरच्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा नको. तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून, सगळ्यांत उघड्या अपर्चरवर तिरक्या धरलेल्या वर्तमानपत्राच्या एका ओळीवर फोकस करा. जिथे फोकस केला तीच ओळ स्पष्ट यायला हवी. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला.

दोन्ही एकदम घेऊ नका. आधी रुंद घ्या, तिच्यावर निदान एक वारी आणि एक दिवाळी काढा. जुन्या बाजारात ५० मिमी बाराही महिने मिळते, तिची घाई नाही.