तुटलेल्या दात्याची साक्ष

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याला लागून पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते आकारास येऊ लागले आणि आज देशातील लघुउद्योगांच्या सर्वांत मोठ्या वसाहतींत त्याची गणना होते. लेथवर कातकाम करणारे, दंतचक्रे पाडणारे, पोलादावर उष्णतासंस्कार करणारे, धातूवर मुलामा चढवणारे असे हजारो लहानमोठे कारखाने येथे एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव करीत येणारा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ४ व आताचा ४८, याच वसाहतीजवळून बंगळुरात शिरतो.

अशा ठिकाणी एक मोठी सोय असते. ट्रकच्या गिअर बॉक्समधील एखादे चक्र मोडले, तर तो तुकडा नमुना म्हणून द्यावा आणि तसाच दुसरा करून घ्यावा. हे कौशल्य निःसंशय कौतुकास्पद आहे. परंतु त्यातूनच एक गैरसमजही बळावतो. जो भाग मोडला, तोच सदोष होता आणि तो बदलला की दोष गेला, असे आपण धरून चालतो. मग दोनतीन महिन्यांनी तेच चक्र पुन्हा मोडते. ज्याच्यापाशी एकच ट्रक आहे, त्याच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हे. गाडी उभी राहिली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि प्रत्येक अयशस्वी दुरुस्तीचे पैसे मात्र द्यावेच लागतात.

दोष का परततो, हे समजण्यासाठी गिअर बॉक्सचे कार्य थोडक्यात पाहू. इंजिनाची शक्ती क्लचमधून एका दंडात, म्हणजे शाफ्टमध्ये येते. तेथून लहानमोठ्या चक्रांच्या जोड्यांमधून ती मागील चाकांकडे जाते. लहान चक्राने मोठे चक्र फिरवले की वेग कमी होतो व पीळ वाढतो. चढावर आपण खालचा गिअर टाकतो तो यासाठीच. या साऱ्या व्यवहारात संपूर्ण भार कोणत्याही क्षणी मोजक्या दात्यांवर, तेही एका अरुंद पट्टीएवढ्या जागेत, पडत असतो.

म्हणून दात्याला दोन परस्परविरोधी गुण लागतात. त्याचा पृष्ठभाग झिजू नये इतका कठीण हवा आणि गाभा धक्का सोसेल इतका चिवट हवा. यासाठी कमी कार्बन असलेल्या मिश्र पोलादाचे चक्र कार्बनयुक्त वातावरणात सुमारे ९०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. कार्बन पृष्ठभागात मुरला की ते तेलात विझवतात आणि नंतर माफक उष्णता देऊन त्याचा ठिसूळपणा घालवतात. अशा पृष्ठभागाचे काठिण्य रॉकवेल ‘सी’ मापावर साधारणतः ५८ ते ६२ भरते. नमुन्यावरून केलेले चक्र आकाराने तंतोतंत जुळले, तरी हा संस्कार नीट झाला नसेल तर ते टिकणार नाही. उष्णतासंस्कार डोळ्यांना दिसत नाही. तो मोजूनच पाहावा लागतो.

परंतु उत्तम चक्रही पुन्हा मोडू शकते, कारण मूळ कारण पुष्कळदा चक्रात नसतेच. येथे मोडलेला तुकडाच आपला साक्षीदार ठरतो. दाता जेथे तुटला त्या पृष्ठावर शिंपल्यावर असतात तशा वलयाकार रेषा असतील, तर तडा थोडा थोडा वाढत गेला असे समजावे. खडबडीत, दाणेदार पृष्ठ अचानक आलेल्या जबर धक्क्याची खूण असते. निळसर झाक आली असेल, तर वंगणावाचून दाता तापला होता. झिजेचा पट्टा दात्याच्या एकाच टोकाला असेल, तर दोन शाफ्ट परस्परांस समांतर राहिलेले नाहीत.

या शेवटच्या खुणेचे एक उदाहरण घेऊ. गिअर बॉक्सचा पुढील शाफ्ट इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये बसवलेल्या एका लहानशा बेअरिंगमध्ये टेकलेला असतो. दोन्ही पेट्या जेथे जुळतात तेथे माती राहिली, कड उचलली गेली किंवा जागा निश्चित करणारी पिन निसटली, तर दोन्हींचे अक्ष एका रेषेत येत नाहीत. हा फरक केसाएवढाही असू शकेल. तो डायल गेजने मोजता येतो. पण मोजलाच नाही, तर नवे बेअरिंग आणि नवे चक्र जुन्याच वाटेने जातात.

दुसरे कारण तेलाचे. मागील आसाच्या डिफरन्शियलसाठी बनवलेल्या जाड तेलात गंधक व स्फुरद यांची संयुगे असतात. गिअर सहज पडावा म्हणून बसवलेल्या पितळी कड्यांना अशी काही तेले खातात. ‘अधिक भारी तेल म्हणजे अधिक चांगले’ हा समज येथे महागात पडतो. तिसरे कारण तर हास्यास्पद वाटावे इतके क्षुल्लक आहे. पेटीतील हवा बाहेर जाण्यासाठी एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले, तर तापलेली हवा आत दाब निर्माण करते आणि तेल सीलमधून बाहेर पडते. मेकॅनिक सील बदलत राहतो, आणि छिद्राकडे कोणाचेही लक्ष जात नाही. चौथे कारण म्हणजे आधीच्या मोडतोडीतील धातूचा चुरा. पेटी पूर्णपणे धुतली नाही, तर तोच चुरा नव्या बेअरिंगचा घास घेतो.

जपानमधील टोयोटा कारखान्याचे तैइची ओनो यांनी यासाठी एक साधी शिस्त घालून दिली होती. बिघाड झाला की ‘का’ हा प्रश्न एकदा विचारून थांबू नये, तो लागोपाठ पाच वेळा विचारावा. त्यांच्या सुप्रसिद्ध उदाहरणात यंत्र फ्यूज जळल्यामुळे थांबते. शोध घेत गेल्यावर कळते की वंगणाच्या पंपाला गाळणीच नसल्यामुळे धातूचा कीस आत शिरला होता. पहिल्याच उत्तरावर थांबणारा नवा फ्यूज घालील, आणि तो फ्यूज पुन्हा जळेल.

प्रश्न केवळ पैशाचा असता तरी तो गंभीरच होता. पण येथे जीविताचाही संबंध येतो. खाचांची टोके झिजली, फोर्क वाकला वा शाफ्टला फाजील ढिलाई आली, तर गिअर चालतानाच सुटतो. सपाट रस्त्यावर त्याचा त्रासच होतो; परंतु उतारावर इंजिनाचा रोध एकाएकी नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो. याच महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुण्यातील नवले पुलाकडे उतरणाऱ्या लांब उतारावर कित्येक भीषण अपघात झाले आहेत, आणि तेथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये असे चालकांना वारंवार बजावले जाते. सुटणारा गिअर चालकाच्या इच्छेविरुद्ध नेमके तेच घडवून आणतो.

मग मालकाने काय करावे? मोडलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा. भंगारात देऊ नये. प्रत्येक वेळी पेटी केव्हा उघडली, किती किलोमीटरनंतर उघडली, कोणते तेल भरले व काय मोजले, याची लेखी नोंद घ्यावी. तीच तक्रार दुसऱ्यांदा उद्भवली, तर नवा भाग मागण्याआधी कारण लिहून मागावे. गाडी नवी व हमीच्या मुदतीतील असेल, तर ही नोंद विशेष मोलाची ठरते. एका मोटारीच्या क्लचसंबंधीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असा निर्णय दिला की, हमीच्या अटीनुसार सदोष भाग दुरुस्त करणे वा बदलणे एवढेच उत्पादकाचे कर्तव्य होते. संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकला नाही. दोषाची परीक्षा प्रयोगशाळेत करवून घेण्याची तरतूद १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात होती, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. अर्थात, परीक्षेसाठी वस्तू हाती असली पाहिजे. फेकून दिलेला तुकडा साक्ष देऊ शकत नाही.

पीण्यासारख्या वसाहतीत चक्र पाडणारा, त्याचे काठिण्य मोजणारा आणि शाफ्टची रेषा तपासणारा असे तिघेही जवळजवळच सापडतात. मालक बहुधा त्यांपैकी पहिल्याकडेच जातो. उरलेल्या दोघांची पायरी चढण्यासाठी लागणारा एक दिवस त्याला परवडत नाही, असे त्याला वाटते. वस्तुतः तो दिवस वाचवण्याच्या नादातच त्याचे महिने जात असतात.